वकील कशाला, माई रोपा?

१४ फेब्रुवारी

वही घेतली ती पेलाजियाच्या सांगण्यावरून. पेलाजिया इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, दर सहा आठवड्यांनी माझ्या दुकानात वेण्या घालून घ्यायला येते. आज पाच तास खुर्चीत बसली होती आणि पाचही तास तिचं तोंड चालू होतं. तिचा नवरा ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला. दोघांनी मिळून जोडीदार व्हिसाचा अर्ज घरबसल्या भरला आणि तो सपशेल फेटाळला गेला. मग वकील केला, तर काम झालं. पुढच्या महिन्यात बाई चालल्या.

"लव्हनेस, ते लोक नात्याचा सगळा इतिहास लिहून मागतात," ती म्हणाली. "कुठं भेटलात, कोण आधी बोललं, भांडता कशावरून. आत्तापासून लिहीत जा, नाहीतर ऐनवेळी डोकं खाजवत बसशील."

तर लिहिते. टोंगाई मला इथंच मसविंगोत, मुचेकेच्या बस थांब्यावर भेटला. आधी तो बोलला. त्यानंतर त्याला बोलू दिलं असेल तर शपथ. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या माणसांनी आमच्या घरी येऊन रोरा भरला, म्हणजे मुलीचं देज; बापाला गायी, आईला ब्लँकेट, सगळं रीतसर. कोर्टाचा कागद केला नाही. "पांढरा झगा नंतर, पैसे हातात आले की," म्हणाला होता. मग आमची मुलगी रोपा झाली, तेव्हापासून मी त्याची माई रोपा, रोपाची आई. मग तो पर्थला गेला, खाणीतली मोठी यंत्रं दुरुस्त करायला. त्याला चार वर्षं झाली. तिथं कायम राहायचा परवाना मिळूनही वर्ष होऊन गेलं. आता तो आम्हाला बोलावू शकतो.

संध्याकाळी फोनवर मी टोंगाईजवळ वकिलाचं काढलं.

"वकील? वकील कशाला, माई रोपा? सगळे चोर आहेत साले. अर्ज म्हणजे काय, शाळेच्या फॉर्मसारखा असतो. आपला आपण भरू."

"कधी?"

"भरू म्हटलं ना."

तो नेहमी गाडीत बसूनच फोन करतो. घरात म्हणे नेटवर्क नाही. एवढा श्रीमंत देश आणि घरात नेटवर्क नाही. आमच्या इथं संडासातसुद्धा मिळतं.

१९ फेब्रुवारी

तेते सेकाई आल्या होत्या. टोंगाईची मोठी बहीण, म्हणजे माझी नणंद. मला मुरोरा म्हणतात, म्हणजे घरची सून. शाळेत शिकवतात, त्यामुळे बसल्या बसल्या आपल्यालाही शिकवतात. मी म्हटलं, तेते, तुम्हीच भावाला सांगा, वकील करू या. हातात कप होता तो त्यांनी खाली ठेवला.

"मुरोरा, वकील लोक नको ते प्रश्न विचारतात. नवरा-बायकोच्या मधे तिसरं माणूस कशाला आणायचं?"

मी म्हटलं, वकील काय माझ्या बिछान्यात झोपणार आहे?

त्या हसल्या नाहीत. एरवी अशा विनोदाला त्या ठसका लागेपर्यंत हसतात. शाळेत काहीतरी बिनसलं असणार.

३ मार्च

गुटूला सासूबाईंकडे जाऊन आले. रोपाला घेऊन गेले होते. मका उभा आहे पण दाणा भरलेला नाही, पावसानं दगा दिला. सासूबाई मात्र माझ्याशी इतक्या गोड की मलाच चोरट्यासारखं झालं. निघताना कोंबडी दिली, भुईमुगाच्या शेंगा दिल्या, माझे दोन्ही हात धरून ठेवले. नऊ वर्षांत या बाईनं माझ्या स्वयंपाकाला एकदा चांगलं म्हटलेलं नाही.

ओट्यावर बसून पिवळ्या लोकरीचं स्वेटर विणत होत्या. म्हटलं, आमाई, कुणासाठी? तर म्हणे टोंगाईसाठी, तिकडे थंडी असते. मी ती बाही उचलून पाहिली. अगं बाई, माझी दोन बोटं जेमतेम जातील एवढी! "तिकडे जाऊन त्याचा दंड एवढा झाला होय?" म्हटलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि शालीखाली सरकवलं. डोळ्यांनी दिसत नाही आता त्यांना. मापं चुकतात.

११ मार्च

आज मनाचा हिय्या करून हरारेला फोन लावला. पेलाजियाचं काम त्या वकीलबाईंनी केलं, मकोनी बाई. पहिलं बोलणं फुकट असतं, म्हणून लावला, नाहीतर मी कुठली लावतेय.

आवाज शांत आहे बाईंचा. सुरुवात बरी झाली. मग विचारायला लागल्या: तुमच्या नवऱ्यानं याआधी कुणासाठी असा अर्ज केलाय का? त्याच्या स्वतःच्या कागदांवर तुमचं आणि मुलीचं नाव आहे ना?

म्हटलं, नसायला काय झालं?

"तुम्ही पाहिलंय?"

"बाई, मी बायको आहे त्याची. झडती घेणारी पोलीस नाही."

त्यावर बाई म्हणाल्या, "रागावू नका. मी हे सगळ्यांनाच विचारते." पण मला राग आलाच. तेते म्हणाल्या ते काही खोटं नाही, हे लोक नको तिथं नाक खुपसतात.

टोंगाईला सांगितलं, तर तो इतका भडकला की मी फोन कानापासून लांब धरला.

"तुला नको म्हटलं होतं ना? तिला माझं पूर्ण नाव सांगितलंस? जन्मतारीख? कंपनीचं नाव?"

"काहीच सांगितलं नाही. तिनं विचारायच्या आत मी ठेवला."

मग एकदम गार झाला. "मी तुमच्याच भल्यासाठी सांगतो, माई रोपा. हल्ली नावं घेऊन काहीही करतात लोक." बरोबर आहे म्हणा त्याचं. परदेशात एकटा माणूस, घाबरून राहावं लागतं. पण इतकं ओरडायचं? मी त्याची बायको आहे की मोलकरीण? आज खूप लागलं मला.

२६ मार्च

दोन आठवडे फक्त हाच विचार. खुर्चीत बसलेली एक म्हणते कर वकील, दुसरी म्हणते नवऱ्याचं ऐक. वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांत मकोनी बाईंची निम्मी फी निघेल. तेवढ्यात आरशासमोर दुसरी खुर्चीही येईल आणि रोपाच्या दातांचा इलाजही होईल. आज सकाळी ठरवलं, करायचाच. टोंगाईला सांगायचं नाही. अर्ज नीट तयार करून समोर ठेवायचा, मग बघू कसा नाही म्हणतो.

दुपारी मायगुरूंचा फोन आला. मायगुरू म्हणजे थोरल्या दिरांची बायको, माझी थोरली जाऊ. गुटूला सासूबाईंच्या शेजारच्याच घरात राहतात. म्हणाल्या, आमाईंना उठवत नाही, मला एकटीला आवरत नाही, ये. दुकानाला कुलूप लावलं. वकिलाचं राहिलं.

१२ एप्रिल

लिहायला सवड कुठली? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची, मक्याच्या पिठाचा पातळ सादझा चमच्यानं भरवायचा. तेते सुट्टी मिळाली की येतात आणि प्रार्थना करून जातात. मी आणि मायगुरू, आम्हीच दोघी. मायगुरू नसत्या तर मी वेडी झाले असते. त्या सासूबाईंची हुबेहूब नक्कल करतात. सासूबाई झोपल्या की आम्ही तोंडात फडकं कोंबून हसतो.

काल मी अंग पुसत होते तर सासूबाईंनी मनगट पकडलं. म्हणाल्या, "माझ्या घशाशी काहीतरी येऊन थांबलंय, मुरोरा." मी पाठ चोळली, कोमट पाणी दिलं. पाणी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू त्या वकीलबाईकडे जा. तो नको म्हणाला तरी जा."

तापात बोलताहेत. त्यांना मुळात वकिलाचं कुणी सांगितलं?

टोंगाईला म्हटलं, आईला बघून जा. म्हणतो, रजा नाही. मायगुरूंना विचारलं, हा असा कसा झाला? त्या ज्वारी पाखडत होत्या. "पुरुषांचं काय घेऊन बसलीस, तू मोठ्या मनाची आहेस," म्हणाल्या.

२० एप्रिल

सासूबाई गेल्या. पहाटे, माझ्याच हातावर.

टोंगाई येतोय. आता बरी मिळाली रजा.

२४ एप्रिल

काल माती झाली. सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

टोंगाई परवा आला. काळा चष्मा, नवे बूट, अंगाला अत्तराचा वास. आईच्या शवपेटीशी पालथा पडून लहान पोरासारखा रडला, तेव्हा मलाही भडभडून आलं. आम्हाला दोन शब्द बोलायलाही मिळाले नाहीत. तो बाहेर पुरुषांबरोबर शेकोटीशी, मी आत बायकांत. मी म्हटलं, असू दे, आधी आईला पोचवू. नंतर वकिलाचं समोरासमोर बोलू.

सकाळी पेटी उचलायच्या आधी सुनांचा खेळ सुरू झाला. आमच्यात सुनांना तेवढी मुभा असते. मेलेल्या माणसाचे कपडे घालायचे, त्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. कुणी रागवायचं नाही. मायगुरू म्हणजे या कामाला एक नंबर. सासूबाईंचा हिरवा झगा घातला, डोक्याला त्यांचा रुमाल, काडी मोडलेला चष्मा नाकावर. वाकून चालत आल्या तेव्हाच अंगण खदखदलं. कोंबड्यांना शिव्या घातल्या. साखरेचा डबा नातवंडांपासून लपवला आणि कुठे लपवला ते विसरल्या. प्रार्थनेत आमेन म्हणता म्हणता एक डोळा उघडून चुलीवरचं मटण बघितलं. मोठे दीरसुद्धा डोळे पुसत हसले.

मग त्यांनी पायातली चप्पल काढून कानाला लावली आणि सासूबाई जशा ओरडायच्या तशा ओरडल्या:

"हॅलो! हॅलो, पर्थ! उठला का गं माझा टिनोटेंडा? पिवळं स्वेटर पोचलं का? बसलं का अंगाला? बाई गं, देवाची कृपा! पर्थची मुरोरा गुणाची, मसविंगोची मुरोरा गुणाची, माझ्या लेकानं दोन्ही नग पारखून आणले!"

आणि सगळं गप्प झालं.

मी मात्र हसत होते. मला वाटलं पर्थची मुरोरा म्हणजे मीच, होणारी. टाळ्या वाजवत हसत होते मी. मग लक्षात आलं की अख्ख्या अंगणात एकटी मीच हसतेय आणि सगळ्या बायका जमिनीकडे बघताहेत. तेते सेकाई उठल्या आणि मायगुरूंच्या हातातून चप्पल हिसकावली. टोंगाई चष्मा लावून गोठ्याकडे चालू लागला.

पेटी उचलली, गाणं सुरू झालं, मीही गायले. खड्ड्यात मूठभर माती टाकली. परत येऊन दीडशे माणसांना वाढलं. आणि सगळा वेळ डोक्यात एकच शब्द. दोन्ही. दोन्ही म्हणजे कोण दोन्ही?

एवढुशी बाही होती ती.

२५ एप्रिल

मायगुरूंना हापशावर गाठलं. बादली भरत होत्या. मी म्हटलं, "टिनोटेंडा कोण?"

त्यांनी हात थांबवला नाही. "माझी चेष्टा करू नकोस, लव्हनेस."

"कोण आहे, मायगुरू?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तिथंच चिखलात बसल्या. "देवा. तुला माहीत नव्हतं?"

सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंना, तेतेंना, दिरांना, समोरच्या किराणावाल्यालासुद्धा. पोरगी इथल्याच ग्वेरू शहराची आहे, प्रिव्हिलेज नाव, पर्थला शिकायला गेली होती. दोन वर्षं एकत्र राहतात. मुलगा सात महिन्यांचा.

"मला वाटलं तुला ठाऊक आहे आणि तू पोटात घातलंयस," मायगुरू रडत म्हणाल्या. "तू आमाईंचं इतकं केलंस, कधी तोंडातून ब्र काढला नाहीस. आम्ही सगळे कौतुक करायचो गं तुझं. मी म्हणायचे, लव्हनेससारखी सून नाही. नाहीतर मी ते चारचौघांत बोलले असते का?"

माझं कौतुक करत होते! मी वेडी दोन बोटं बाहीत घालून विनोद करत होते आणि हे लोक माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करत होते. माझ्या खुर्चीत बसून बायका आपापल्या नवऱ्यांची लफडी सांगतात. मी आरशातून मान हलवते आणि मनात म्हणते, बावळट बाई, एवढंही कळलं नाही तुला? एकीनं तरी मला सांगायचं होतं. सासूबाईंनी तरी. अंग पुसून घेतलं माझ्याकडून, माझं मनगट धरलं, आणि त्या वेळीही नीट सांगितलं नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय. खूप रागावलेय.

संध्याकाळी टोंगाई गोठ्याशी एकटा होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्याला कळलं.

"ते फक्त कागदासाठी आहे, माई रोपा," तो म्हणाला. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

"आणि मूल? तेही कागदासाठी?"

तो पायानं शेण उकरत राहिला. मग भराभर बोलायला लागला. तिचा व्हिसा संपत आला होता. ती एकटी होती, तोही एकटा होता. झालं ते झालं. पण तू माझी पहिली, घरची, रोरा भरून आणलेली. "एकदा तिचं मार्गी लागू दे, मग पुढं तुझं बघू. काहीतरी वाट निघते. आमचा वकील म्हणाला की..."

तिथं तो थांबला.

"कोण म्हणाला?"

"कुणी नाही."

"तुमचा वकील?"

त्यानं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला.

बाई आणि मूल कळलं तेव्हा मी रडले नव्हते. हे ऐकलं आणि भरून आलं. गोठ्याच्या कुडाला धरून उभी राहिले. तिच्यासाठी वकील! तिच्यासाठी ऑफिसात गेला असेल, खुर्ची ओढून बसला असेल, तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख सगळं सांगितलं असेल, फी भरली असेल. तिचा अर्ज फेटाळला जाऊ नये म्हणून त्याला धास्ती वाटली असेल. माझ्या अर्जाला शाळेचा फॉर्म म्हणाला. आणि मी त्याची पाठराखण करत होते, या वहीत सुद्धा. माणूस एकटा आहे, घाबरतो, म्हणून लिहिलंय मी.

केसानं गळा कापला माझा. आणि मान मीच पुढं केली होती.

२७ एप्रिल

आज स्वयंपाकघराच्या झोपडीत बोलावलं. मोठे दीर बाबामुकुरू बाकावर, तेते सेकाई चटईवर, टोंगाई दाराशी, मायगुरू चुलीपाशी मान खाली घालून. मला वाटलं, क्षमा मागतील. एखादी बकरी कापतील, समजूत काढतील. इतकी मी भोळी.

तेतेंनी रुमालाची गाठ सोडून चटईवर एक नाणं ठेवलं. एक रँडचं. गुपुरो.

गुपुरो म्हणजे काडीमोड. नवऱ्यानं दिलं, बायकोनं उचललं, माहेरी नेऊन दाखवलं, की संपलं. नऊ वर्षं, दोन शब्दही न बोलता.

"रोपाची शाळा, कपडे, सगळं तो बघेल," बाबामुकुरू म्हणाले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. "तू अजून तरुण आहेस, मुरोरा."

"आणि एक," तेते म्हणाल्या. अगदी वर्गात सूचना देतात तशा. "कुणी विचारलं तर सांगायचं, हे तुला चार वर्षांपूर्वीच मिळालं. तो पर्थला जायच्या आधी. तिकडच्या वकिलाला तसं लागतंय, नाहीतर त्या पोरीचा अर्ज अडेल. गावप्रमुख तसं लिहून द्यायला तयार आहेत, तुझ्या तोंडचं हो तेवढं हवंय."

मी टोंगाईकडे पाहिलं. तो पाऊस बघायला आल्यासारखा बाहेर बघत होता. म्हणजे ही आईच्या मातीसाठी मिळालेली रजा नव्हतीच नुसती. एका तिकिटात दोन कामं.

"चार वर्षांपूर्वी सुटले होते का मी?" मी म्हटलं. "मग परवापर्यंत तुमच्या आईचं हगणंमुतणं काढणारी कोण होते मी? वाटेवरची बाई? सांगा ना तेते, तुम्ही प्रार्थना करून उठायचात आणि मी चादर बदलायचे, तेव्हा ती चादर बदलणारी कोण होती?"

"आवाज खाली," तेते म्हणाल्या.

"नाही करणार. दर रविवारी याचा फोन घेणारी कोण होते? तुम्ही माझ्या हातचा चहा पीत होतात, तो कुणाच्या हातचा होता? नवरा घ्यायचा तर घ्या. पण माझी चार वर्षं पुसून टाकायची, आणि तीही माझ्याच तोंडानं?"

"लव्ह, ऐक तर," टोंगाई म्हणाला. लव्ह! बस थांब्यावर म्हणायचा तसं.

मी ते नाणं उचललं नाही. ते चटईवर पडून राहिलं. मी उठले, तसं ते परत घ्यायलाही कुणी हात पुढं करेना. मायगुरूंनी दारात माझ्या हातात रोपाची पिशवी दिली. त्यांनी आधीच भरून ठेवली होती. शेवटच्या बसनं मसविंगोला आलो.

२९ एप्रिल

टोंगाई दुकानात आला. आज रात्री विमान आहे त्याचं. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, माझ्या दोन्ही हातांची बोटं केसांत अडकलेली. तो माझ्या मागं आरशात उभा. चार वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या दुकानात आला आणि त्याला बसायलाही म्हणावंसं वाटलं नाही.

"मी वाईट माणूस नाही, माई रोपा."

मी वेणी घालत राहिले.

"तू एक हो म्हण. एवढंच. त्या लेकरासाठी."

त्या लेकरावर राग काढण्याइतकी हलकट मी अजून झालेले नाही. दोन रात्री त्याचाच विचार करतेय, कसा दिसत असेल, रोपासारखे कान असतील का. त्या पोरीलाही त्यानं काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. गावाकडे कुणी नाही, असंच सांगितलं असेल. पण माझं लेकरू? ते कुणाच्या कागदावर आहे? मी ते विचारलं. "रोपाचं नाव आहे तुझ्या कागदांवर?"

तो आरशातून बघत म्हणाला, "तेव्हा बिनलग्नाच्या माणसाला परवाना लवकर मिळायचा."

म्हणजे नाही. मीही नाही आणि माझी मुलगीही नाही. खुर्चीतल्या बाईनं सगळं ऐकलं. मंगळवार आहे, गुरुवारपर्यंत सगळ्या मुचेकेला कळेल. कळू दे.

जाता जाता त्यानं विचारलं, "तू कुठं जाणार तर नाहीस ना? कुणाला भेटायला?" इतक्या लांबून आलेल्या माणसाला शेवटी एवढंच विचारायचं होतं.

३ मे

पहिल्या गाडीनं हरारेला गेले. मकोनी बाईंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, बाहेर बाकावर माझ्यासारख्याच चार-पाच जणी बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर फुगलेली पिशवी. सगळ्या नीट केस करून आलेल्या. मला त्यांना म्हणावंसं वाटलं, बायांनो, विचारतील ते सगळं सांगा, रागावू नका. म्हटलं नाही.

बाई फोनवर वाटल्या त्याहून वयस्कर आहेत. मी सगळं सांगितलं. रोरा, पर्थ, पोरगी, मूल, गुपुरो, चार वर्षांपूर्वीची तारीख. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाल्या, "मी स्पष्ट सांगते. हे तुम्ही तिकडे कळवलंत तर तिचा अर्ज अडेल. त्याच्या स्वतःच्या परवान्याचीही चौकशी होईल, तो जाऊही शकतो. मुलीच्या शाळेचे पैसे त्याच्याकडून येतात ना? तेही थांबतील."

"हो."

"आणि तुम्हाला ऑस्ट्रेलिया मिळणार नाही. या जन्मात तरी नाही. एवढं कळतंय ना?"

"कळतंय."

"मग माझी फी कशासाठी भरताय?"

गाडीत बसल्यापासून मी याचं उत्तर घोकत होते. न्यायासाठी म्हणणार होते, रोपाच्या हक्कासाठी म्हणणार होते. तोंडातून वेगळंच आलं.

"त्यानं तिच्यासाठी भरली म्हणून."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कोरा कागद पुढं ओढला. माझं नाव विचारलं, सांगितलं. रोपाचं विचारलं, तेही सांगितलं. मग त्यांनी नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं, आणि ते सांगताना मला रडू फुटलं. आईच्या पेटीशी तो रडला होता तसं, अगदी मोठ्यानं. बाईंनी उठून दार लावून घेतलं आणि बाहेरच्या बायकांना सांगितलं, थोडा वेळ लागेल.